रेविट अडकतं, त्यात दोष कार्डाचा नसतो
नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या कट्ट्यावर आर्किटेक्चरच्या नव्या पोरांना हमखास मिळणारा सल्ला: मोठं ग्राफिक्स कार्ड घे, रेविट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) पळेल. पळत नाही. भिंत सरकवली की तिच्यातली दारं-खिडक्या नव्याने मांडायचं बरंचसं काम प्रोसेसरचा एकच कोअर करतो. कार्ड तेव्हा जवळपास रिकामं बसलेलं असतं. म्हणून एका कोअरचा वेग बघा. रॅम किमान १६ जीबी, जमल्यास ३२. कार्डाचा कस लागतो लुमियन, एन्स्केपमध्ये, म्हणजे मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये. तिथेही नुसत्या नावावर जाऊ नका: लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० ३५ वॉटचंही असतं, ११५ वॉटचंही, आणि कमी वॉटचं हळू चालतं. हा आकडा कंपनीच्या तपशिलात 'टीजीपी'समोर (कार्डाला मिळणारी कमाल वीज) शोधा. आणि रेंडरला चार्जर लावाच, बॅटरीवर तेच कार्ड मान टाकतं.