ठेक्याला पक्का: जिम गॉर्डनचा वारसा आणि त्यामागची गोष्ट

१३ मार्च २०२३ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅकाव्हिल इथल्या, कैद्यांसाठी असलेल्या वैद्यकीय तुरुंगात अमेरिकन ड्रमर जिम गॉर्डन वारला. वय ७७. त्यातली शेवटची जवळपास चाळीस वर्षं गजाआड गेली. साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्रजी संगीत ज्यांनी थोडंफार जरी ऐकलंय, त्यांच्या कानावरून गॉर्डनचे ड्रम्स नक्की गेलेले आहेत. त्याचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनाही बहुतेक वेळा एका भयंकर गोष्टीमुळे: १९८३ साली त्याने स्वतःच्या आईचा खून केला.

असा माणूस समोर आला की 'प्रतिभा आणि वेड या एकाच नाण्याच्या दोन बाजू' हे वाक्य लगेच कुणीतरी फेकतं. गॉर्डनच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. त्याची ख्याती होती ती स्थिरपणासाठी, नेमकेपणासाठी, लयीवरच्या पक्क्या पकडीसाठी. आजाराने त्याला यातलं काहीही दिलं नाही. उलट होतं नव्हतं ते सगळं हिसकावून घेतलं.

जेम्स बेक गॉर्डनचा जन्म १४ जुलै १९४५चा. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत तो वाढला. मध्यमवर्गीय घर, शाळेत हुशार, उंचापुरा, हसरा मुलगा. शाळा संपता संपता, १९६३मध्ये, एव्हर्ली ब्रदर्सनी त्याला साथीला घेतलं आणि यूसीएलए या तिथल्या विद्यापीठाची संगीताची शिष्यवृत्ती सोडून तो धंद्यात उतरला. त्या काळचं लॉस एंजेलिस म्हणजे रेकॉर्डिंगचा कारखानाच. टीव्हीवर दिसायचे बँडमधले देखणे चेहरे, पण रेकॉर्डवर वाजवायचे भलतेच लोक. या पगारी वादकांच्या गोतावळ्याला पुढे 'रेकिंग क्रू' हे नाव चिकटलं. कव्हरवर त्यांची नावं सहसा छापली जात नसत. स्टुडिओ तासांच्या हिशोबाने भाड्याने घेतलेला असे, त्यामुळे समोर ठेवलेला कागद वाचून एक-दोन टेकमध्ये गाणं पुरं करणारा माणूस लागे. या गोतावळ्यातला ड्रम्सचा बादशहा होता हॅल ब्लेन. स्वतःला वेळ नसला की तो निर्मात्यांना गॉर्डनचं नाव सुचवायचा. विशीच्या आतल्या पोरासाठी याहून मोठं प्रशस्तिपत्रक त्या शहरात नव्हतं.

पुढच्या दहा वर्षांतलं त्याचं काम बघितलं की दम लागतो. बीच बॉईजच्या १९६६च्या 'पेट साउंड्स'ची सत्रं, बर्ड्सचा 'द नटोरियस बर्ड ब्रदर्स', मेसन विल्यम्सचं 'क्लासिकल गॅस', ग्लेन कॅम्पबेलचं 'विचिटा लाइनमन'. मग जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास', जॉन लेननचं 'पॉवर टू द पीपल', ट्रॅफिकचा 'द लो स्पार्क ऑफ हाय हील्ड बॉईज', कार्ली सायमनचं 'यू आर सो व्हेन', गॉर्डन लाइटफूटचं 'सनडाउन', फ्रँक झापाबरोबरचे दौरे. एका काळात तो रात्री लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये कार्यक्रम वाजवायचा, दिवसा विमानाने लॉस एंजेलिसला येऊन दोन-तीन रेकॉर्डिंग उरकायचा आणि संध्याकाळच्या खेळाला परत हजर व्हायचा, असं सांगतात.

त्याचं वाजवणं ऐकायचं असेल तर दोन गाणी लागोपाठ लावावीत. पहिलं हॅरी निल्सनचं १९७१चं 'जंप इन्टू द फायर'. सात मिनिटांचं हे गाणं मध्यावर जवळजवळ रिकामं होतं आणि ड्रम्स एकटे पुढे येतात. गॉर्डन तिथे कसरती करत नाही. टॉम या खोल आवाजाच्या ड्रमवर एक आकृती बांधतो, ती फिरवतो, थोडी मोडतो, पुन्हा जोडतो, आणि खालची चाल कुठेही ढळू देत नाही. दुसरं स्टीली डॅनचं १९७४चं 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर'. तिथे तोच माणूस इतकं हलकं, लॅटिन वळणाचं वाजवतो की ड्रम्स आहेत हे लक्षातही येऊ नये. तबल्याच्या मैफिली ऐकणाऱ्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. गायकाला मोकळं सोडून सम चोख ठेवणारा साथीदार किती दुर्मीळ असतो, ते आपल्याकडे चांगलं ठाऊक आहे.

मग आलं १९७०. डिलेनी अँड बॉनीच्या ताफ्यातून तो गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ओळखीचा झाला होता. त्या वसंतात जो कॉकरचा 'मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन' हा दौरा निघाला. माणसांचा मोठा तांडा, ४८ शहरं, आणि मंचावर जिम केल्टनर आणि जिम गॉर्डन असे दोन ड्रमर शेजारी शेजारी. त्याच ताफ्यात गायिका रिटा कूलिज होती आणि तेव्हा तिचं आणि गॉर्डनचं जुळलेलं होतं. न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका रात्री त्याने तिला 'जरा बोलायचंय' म्हणून खोलीबाहेर बोलावलं. तो लग्नाचं विचारणार, असं तिला वाटलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्याने काही कारण नसताना तिला जबर ठोसा मारून खाली पाडलं. काळानिळा डोळा घेऊन तिने पुढचा दौरा गाऊन काढला. त्याच्याशी संबंध तिने तिथेच तोडले, दौरा मात्र चालू राहिला आणि गॉर्डनही त्यात वाजवत राहिला. आज मागे वळून बघताना हा आजाराचा पहिला स्पष्ट इशारा वाटतो. त्या वेळी कुणी तो तसा वाचला नाही. एका बाईला मार बसला, एवढ्यावरून वाद्यवृंदातला सर्वांत चांगला ड्रमर काढून टाकावा असं त्या दुनियेत कुणाला वाटलं नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते.

त्याच वर्षी क्लॅप्टन, बॉबी व्हिटलॉक, कार्ल रेडल आणि गॉर्डन यांनी 'डेरेक अँड द डॉमिनोज' हा बँड बांधला. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत, निर्माता टॉम डाउडच्या देखरेखीखाली आणि डुएन ऑलमनच्या गिटारच्या साथीने 'लेला' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. त्याच्या उत्तरार्धातला पियानोचा संथ, हुरहूर लावणारा तुकडा काही आठवड्यांनी वाजवला गेला आणि मूळ गाण्याला जोडला गेला. पियानोवर बसला होता ड्रमर गॉर्डन. वर्षभरात बँड भांडणात आणि नशेत मोडला.

हिप-हॉपच्या इतिहासातही त्याची जागा आहे, आणि ती त्याला स्वतःला कळण्याआधीच तयार झाली असावी. १९७३मध्ये निर्माता मायकेल व्हायनरने 'इन्क्रेडिबल बाँगो बँड' नावाखाली स्टुडिओतले वादक गोळा करून 'बाँगो रॉक' ही तबकडी काढली. तिच्यात 'अपाची' या जुन्या वाद्यधुनेचं नवं रूप होतं: बाँगोवर किंग एरिसन, ड्रम्सवर गॉर्डन. मधे सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त ताल उरतो. बाजारात तबकडीची फारशी दखल घेतली गेली नाही. पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने ती उचलली. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो नेमका तेवढाच तुकडा लांबवत राहायचा आणि पोरं नाचत राहायची. 'अपाची'ला पुढे हिप-हॉपचं राष्ट्रगीत म्हटलं गेलं. शुगरहिल गँगपासून नॅसपर्यंत किती जणांनी तो तुकडा वापरला याची मोजदाद नाही. ज्यांनी वापरला त्यांतल्या बहुतेकांना वाजवणाऱ्याचं नाव माहीत नसणार.

सत्तरच्या उत्तरार्धात काम गळू लागलं. गॉर्डनच्या डोक्यात आवाज बोलायचे, आणि त्यांत सर्वांत जोरकस आवाज आईचा असे. हे आवाज त्याला जेवू देत नसत, झोपू देत नसत. शेवटी तर ड्रम्सला हातही लावू देत नसत. स्किझोफ्रेनियात कानाला येणारे असे आवाज रुग्णासाठी 'भास' नसतात. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी इतके ते खरे असतात. समजावून ते जात नाहीत, औषधांनी मात्र बऱ्याच जणांचे ताब्यात येतात. परिणामकारक औषधं पन्नासच्या दशकापासून उपलब्ध होती, म्हणजे गॉर्डन आजारी पडला तेव्हा वैद्यकशास्त्र अगदीच रिकाम्या हाताने उभं नव्हतं.

पण निदान झालं नाही. तो दारू पीत होता, कोकेन आणि हेरॉइन घेत होता, आणि आजूबाजूचे निम्मे लोक तेच करत होते. विचित्र वागणं दिसलं की 'जास्त झाली असेल' हे उत्तर तयारच असे. तो स्वतःहून पुन्हा पुन्हा इस्पितळात दाखल झाला, आणि डॉक्टरांनी मुख्यतः दारूवर उपचार केले. थोडं बरं वाटलं की तो बाहेर पडायचा. कॅलिफोर्नियात १९६७मध्ये झालेल्या लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायद्याने मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवण्यावर कडक मर्यादा घातल्या होत्या: सुरुवातीला ७२ तास, त्यापुढे ठोस कारण हवं. तो कायदा योग्य कारणासाठी आला होता, कारण आधी माणसं आयुष्यभर कोंडली जायची. पण इस्पितळाबाहेर उपचारांची जी व्यवस्था उभी राहायला हवी होती ती पुरेशी उभी राहिली नाही. तिच्याअभावी गॉर्डनसारखे कितीतरी जण घर आणि वॉर्ड यांच्यात येरझारा घालत राहिले.

३ जून १९८३ रोजी त्याने ७२ वर्षांच्या आईवर, ओसा मेरी गॉर्डनवर, तिच्या घरी हातोडीने आणि मग सुरीने हल्ला केला. आवाजाने तसं करायला सांगितलं, असं त्याचं म्हणणं होतं. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं ते अटकेनंतर. आजारी मुलाची ही आई या कहाणीत बहुतेक वेळा एका वाक्यात येते आणि जाते, हे अन्यायाचं आहे. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उगारत नाहीत, हिंसा केली जाते ती अनेकदा त्यांच्यावरच. गॉर्डनच्या उदाहरणावरून कुणी शेजारच्या रुग्णाला घाबरू लागलं तर तो त्याच्या कहाणीचा गैरवापर होईल.

खटल्यात तो गंभीर आजारी आहे हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही तो वेडसरपणाच्या बचावावर सुटू शकला नाही. याचं कारण त्याच्या गुन्ह्याच्या काही वर्षं आधीचं आहे. १९७८मध्ये माजी नगरप्रतिनिधी डॅन व्हाइटने सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांना गोळ्या घातल्या. नैराश्याचा मुद्दा पुढे आल्यावर त्याच्यावरचा खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आला. लोक खवळले. जून १९८२च्या सार्वमतात 'प्रपोझिशन ८' हा कायदा बदलणारा प्रस्ताव मंजूर झाला आणि बचावाचा निकष कडक झाला. १९७८पासून चालत आलेल्या नियमात, स्वतःच्या वागण्यावर ताबाच राहिला नव्हता, हा मुद्दा मांडता येत होता. तो आता गेला. कृत्याचं स्वरूपही कळत नव्हतं आणि ते चूक आहे हेही कळत नव्हतं, या दोन्ही गोष्टी आता आरोपीने सिद्ध करायच्या. कळत होतं पण आवाजापुढे इलाज नव्हता, असं म्हणणाऱ्याला त्यात जागाच उरली नाही. १० जुलै १९८४ रोजी गॉर्डनला दुय्यम श्रेणीच्या खुनासाठी १६ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोहोंपैकी एक गोष्ट सिद्ध झाली तरी पुरे, असा त्या नियमाचा अर्थ लावला.

आपल्याकडचा कायदाही त्याच इंग्रजी मुळातून, वेडसरपणाच्या बचावाचा निकष घालून देणाऱ्या १८४३च्या मॅकनॉटन निकालातून आलेला आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२, यांत दोहोंपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. मात्र 'ताबा सुटला होता' एवढ्यावर इथेही सुटका होत नाही.

१९९१पासून तो पॅरोलला पात्र होता. पॅरोल एकदाही मिळाला नाही, आणि अनेक सुनावण्यांना तो गेलाच नाही. २००५च्या सुनावणीत आई अजून जिवंत आहे, असं तो सांगत होता. अधूनमधून औषधंही थांबलेली असत. 'लेला'च्या मानधनाचा त्याचा वाटा या सगळ्या काळात चालूच होता. ते गाणं थांबायचं नाव घेत नव्हतं: १९९०मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने 'गुडफेलाज'मध्ये पियानोचा तोच तुकडा वापरला, आणि फेब्रुवारी १९९३मध्ये क्लॅप्टनच्या अनप्लग्ड, म्हणजे विजेच्या गिटारविना वाजवलेल्या, आवृत्तीला सर्वोत्तम रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं. गीतकार म्हणून ते क्लॅप्टनबरोबर कैदी गॉर्डनच्याही नावावर लागलं.

त्या पियानोच्या तुकड्याबद्दल रिटा कूलिज वेगळंच सांगते. ती धून आपण आणि जिमने मिळून 'टाइम' नावाच्या गाण्यासाठी बांधली होती आणि क्लॅप्टनला ऐकवली होती, असा तिचा दावा आहे. २०१६च्या आत्मचरित्रातही तिने तो मांडला. बॉबी व्हिटलॉकने तिची बाजू घेतली. तिच्या बहिणीने, प्रिसिला जोन्सने, पती बुकर टी. जोन्ससोबत ते 'टाइम' १९७३मध्ये गायलं, आणि ते ऐकणाऱ्याला साम्य शोधावं लागत नाही. 'लेला'च्या श्रेयात आजही दोनच नावं आहेत, क्लॅप्टन आणि गॉर्डन.