वणव्यानंतर ब्रिटिश कोलंबियात पाया खणताय? आधी पुरातत्त्व परवानगीचं बघा

३० जून २०२१ ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं लिटन गाव वणव्यात जवळजवळ सगळं जळालं. पुन्हा घरं बांधायची वेळ आली तेव्हा खोदकाम अडलं, कारण गावाखाली न्लाकापामुख या मूळनिवासी लोकांच्या हजारो वर्षांच्या वस्तीचे अवशेष आहेत.

या प्रांतात १८४६ पूर्वीचं पुरातत्त्वीय स्थळ खासगी जमिनीतही संरक्षित असतं, मग त्याची सरकारदरबारी नोंद असो वा नसो. लोक अडकतात ते या शेवटच्या चार शब्दांवर.

पहिली पायरी सोपी आणि फुकट: प्रांत सरकारच्या पुरातत्त्व शाखेकडे आपल्या जमिनीची माहिती मागवायची. त्यासाठी पीआयडी, म्हणजे जमिनीचा नऊ आकडी क्रमांक द्या, नुसत्या पत्त्यावर भागवू नका. कागद आगीत गेले असतील तर टायटलचा उतारा पुन्हा काढता येतो.

उत्तर येतं: ‘नोंदवलेलं स्थळ नाही.’ एवढं वाचून लोक जेसीबी ठरवून मोकळे होतात. कृपा करून पत्र शेवटपर्यंत वाचा. खाली नोंद नसलेले अवशेष असण्याची ‘शक्यता जास्त’ असं असेल तर पुरातत्त्वज्ञाला गाठा. ‘इथे आधीच घर होतं, जमीन उकरलेलीच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. हललेल्या मातीतले अवशेषही संरक्षितच. चाळणीत नखाएवढी दगडाची कपची राहते, आपल्याला तो खडा वाटतो आणि जाणकाराला त्यात हत्यार घडवणाऱ्याचा हात दिसतो.

घर बांधणाऱ्याचा संबंध मुख्यतः दोन परवान्यांशी येतो. तपासणीचा पुरातत्त्वज्ञ घेतो, तुम्हाला स्वतःला मिळत नाही. स्थळ सापडलं आणि तिथेच खणायचं असेल तर स्थळात फेरफार करण्याचा वेगळा. अर्ज संबंधित फर्स्ट नेशन्सकडे, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांकडे, अभिप्रायाला जातो. नगरपालिकेचा बांधकाम परवाना हातात आहे म्हणून यातलं काहीही टळत नाही! हे खिडकीवरच कुणी स्पष्ट सांगितलं तर किती कुटुंबांचे महिने वाचतील. विमा कंपनी तात्पुरत्या घराचं भाडं देते ती मुदत मात्र चालूच राहते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना लेखी कळवा.

आग अडवायला शेतातून ओढलेली जाळरेषा बुजवतानाही हेच लागू. परस्पर नांगर घालू नका. नियम मोडल्यास व्यक्तीला ५०,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

खणताना हाड दिसलं आणि माणसाचं वाटलं, तर काम तिथेच थांबवा, काही उचलू नका, पोलिसांना फोन करा.