एक लिटर की दीड लिटर? एसयूव्हीचे इंजिन आणि आपले घाट

माझ्या मावसभावाने दोन एसयूव्हींची माहितीपत्रके जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, ‘यात छपाईची चूक आहे का?’ ह्युंदाई व्हेन्यूच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे आकारमान ९९८ सीसी आणि ताकद १२० अश्वशक्ती, तर त्याच कंपनीच्या क्रेटातील साध्या पेट्रोल इंजिनाचे आकारमान १४९७ सीसी आणि ताकद ११५ अश्वशक्ती. इंजिन दीडपट मोठे आणि ताकद मात्र कमी, हे त्याला पटत नव्हते. छपाई अचूक होती. गोंधळ होता तो सीसी या आकड्याकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, तिच्यात.

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांमध्ये दट्ट्या वरखाली होताना जेवढी जागा मोकळी होते ती सगळी मिळून किती, याचे माप; हजार सीसी म्हणजे एक लिटर. ते ताकदीचे माप नसून फुप्फुसाच्या मापासारखे आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते, त्यामुळे दीड लिटरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर ते मिनिटाला फार तर १,५०० लिटर हवा ओढू शकते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणून किती इंधन जाळता येईल हे अखेर हवेवरच ठरते. बाहेरच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या आजच्या पेट्रोल इंजिनांचा कमाल टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, लिटरमागे ९५ ते १०० न्यूटन मीटरच्या आसपास येतो. क्रेटाचे १४४ न्यूटन मीटर याच हिशेबात बसतात.

टर्बोचार्जर ही मर्यादा ओलांडतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती अशी की धुराबरोबर वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्याच्या जोरावर एक लिटरचे इंजिन १७२ न्यूटन मीटर देते, आणि क्रेटाच्याच दीड लिटरच्या टर्बो आवृत्तीचा टॉर्क १४४ वरून २५३ वर जातो. लिटर तेवढेच, श्वास मात्र जवळजवळ दुप्पट.

मग लहान टर्बोच घ्यावा, असे वाटणे साहजिक आहे. पुण्यात राहणाऱ्याला तर त्यासाठी एक जास्तीचे कारणही आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण पाच टक्क्यांनी विरळ असते, तर पाचगणीला तेराशे मीटरच्या आसपास ती बारा टक्क्यांनी विरळ होते. माहितीपत्रकातील अश्वशक्ती प्रमाण हवामानासाठी मोजलेली असते. त्यामुळे साध्या इंजिनाचे ११५ पुण्यात १०९ आणि पाचगणीत १०१ च्या घरात येतात. टर्बो मात्र थोडा अधिक वेगाने फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो.

तरीही घाटात खरी गरज किती असते, हे एकदा मोजून पाहावे. पाच माणसे आणि सामान धरून १,७०० किलो वजनाची गाडी, बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ आणि ताशी ४० किलोमीटर वेग घेतला, तर निव्वळ वर चढण्यासाठी सुमारे १५ किलोवॉट लागतात. टायर आणि हवेचा अडथळा मिळवला तर १८ किलोवॉट, म्हणजे पंचवीसेक अश्वशक्ती. द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी १०० ने जाण्यासाठी याहूनही थोडी कमी पुरते. ११५ काय आणि १२० काय, बहुतेक वेळ त्यातला चौथा-पाचवा हिस्साच कामी येतो. जास्तीची ताकद लागते ती ओव्हरटेक करताना: सोळाशे किलोची गाडी सहा सेकंदांत ताशी ६० वरून ९० वर न्यायची असेल, तर सरासरी ७५ अश्वशक्ती मोजावी लागते. म्हणूनच दोन इंजिनांच्या कमाल ताकदीतील पाच-दहाच्या फरकावर घसा कोरडा करण्यात मला अर्थ दिसत नाही.

फरक जाणवतो तो फेरे उतरलेले असताना. वाईहून पसरणी घाट चढताना केसाच्या आकड्यासारखे वळण येते, समोरून एसटी उतरत असते, आपण जवळजवळ थांबतो, दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्यांचा काटा १,३०० वर आलेला असतो, एसी चालू असतो आणि त्याच क्षणी पाय पुन्हा दाबावा लागतो. लहान टर्बोच्या गाडीत इथे एखादा सेकंद काहीच घडत नाही आणि मग गाडी अचानक उसळते. १७२ न्यूटन मीटर १,५०० फेऱ्यांपासून मिळतात, हे माहितीपत्रकाचे म्हणणे खरे असते. पण ते मोजमाप फेरे स्थिर ठेवून, टर्बोचे चक्र पुरेसे फिरू लागल्यावर घेतलेले असते. धूर अपुरा आणि चक्र संथ असताना ते इंजिन केवळ एक लिटरचे साधे इंजिन असते, त्याची झेप नव्वदेक न्यूटन मीटरची असते आणि त्यातूनही एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॉट खातो. दीड लिटरचे साधे इंजिन त्या एका सेकंदापुरते वरचढ ठरते. पहिला गिअर वेळेवर टाकणाऱ्याला याचा त्रास होत नाही, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ही उणीव बरीच झाकली जाते.

अॅव्हरेजचा प्रश्नही सीसीवरून सुटत नाही. कोथरूडच्या वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांची चाचणी घेणारी संस्था देते तो आकडा गाडी रोलरवर ठरावीक चक्रानुसार चालवून काढलेला असतो. त्या चक्रात वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि चढ तर नसतोच. हलक्या भारावर लहान इंजिन खरोखर काटकसरी असते, कारण मोठ्या पेट्रोल इंजिनाला अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात जी शक्ती वाया घालवावी लागते, ती इथे कमी लागते. पण तेच इंजिन सतत ताणले, तर उष्णता आणि ठोका (इंधनाचे अवेळी पेटणे) आवरण्यासाठी त्याला जास्त इंधन ओतावे लागते आणि काटकसर संपते. वाई ते पाचगणी ही साडेपाचशे मीटरची उंची भरल्या गाडीने चढायला लिटरभर पेट्रोल लागतेच, मग इंजिन कोणतेही असो.

सीसीचे आकडे बऱ्याचदा १,२०० किंवा १,५०० च्या जरा खालीच का थांबतात, याचे उत्तर बरेचसे करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोलच्या बाबतीत १,२०० आणि डिझेलच्या बाबतीत १,५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापुढच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. क्रेटा चार मीटरहून लांब असल्यामुळे तिच्यात लहान इंजिन बसवले, तरी कर कमी होणार नाही. त्यामुळे मोठ्या गाडीत लहान इंजिन स्वीकारण्याचे कारण ग्राहकाने कराबाहेर शोधावे.

डिझेलविषयी थोडक्यात. दीड लिटरच्या डिझेलचे २५० न्यूटन मीटर घाटात सुखाचे असतात आणि ज्याला दर आठवड्याला कोल्हापूर किंवा नाशिक गाठायचे आहे, त्याने तेच घ्यावे. मात्र बीएस-६ डिझेल गाडीतील काजळी गाळणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी त्यातली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जळावी लागते, आणि कोथरूड ते हिंजवडी रांगत जाणाऱ्या गाडीला ती संधी क्वचितच मिळते. केवळ ऑफिसच्या फेऱ्यांसाठी डिझेल घेणे मला चूक वाटते.

शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह दोन माणसांनिशी बाणेर रस्त्यावर होते आणि त्यात यातले काहीच कळत नाही. मावसभावाने दोन्ही गाड्यांत आई-वडील आणि बायको बसवली, पाचव्या जागेवर नाइलाजाने सेल्समन बसला, आणि सगळे जुन्या कात्रज घाटात गेले. चढताना लहान टर्बो मोकळ्या रस्त्यावर सरस वाटला आणि वळणांवर अडखळला. उतरताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती कोणत्याच माहितीपत्रकात नसते: पाय उचलल्यावर टर्बो कामाचा राहत नाही आणि इंजिनाचा अटकाव साधारणपणे लिटरच्याच प्रमाणात मिळतो. दुसऱ्या गिअरमध्ये दीड लिटरची गाडी बरीचशी आपोआप आवरली जात होती, तर एक लिटरच्या गाडीत त्याला प्रत्येक वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवावा लागला. मागे बसलेल्या मावशीने खाली उतरल्यावर एवढेच विचारले की, दुसऱ्या गाडीत तू एवढा ब्रेक का मारत होतास?