घरविमा, टोर्नेडोप्रवण प्रदेशातील

अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानात टोर्नेडो, गारपीट आणि वादळी वारे यांच्या जोखमीपोटी राहत्या घराच्या विम्यावर होणारा खर्च. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ओक्लाहोमा राज्याचा विचार केला आहे. समुद्रावर जन्मणाऱ्या चक्रीवादळाहून टोर्नेडो निराळा. गडगडाटी मेघातून जमिनीपर्यंत उतरणारा हा फिरता वायुस्तंभ सहसा काहीशे मीटरांपेक्षा रुंद नसतो.

टोर्नेडोच्या जोखमीचा विमा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अग्निविम्याबाहेरचा स्वतंत्र करार म्हणून विकला जात असे. लष्कराच्या सिग्नल दलातील जॉन पार्क फिन्ली यांनी १८८२ मध्ये सहाशे टोर्नेडोंचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८८७ मधील त्यांचा ग्रंथ न्यूयॉर्कच्या एका विमाविषयक नियतकालिकानेच छापला, यावरून या ज्ञानाचे पहिले गिऱ्हाईक कोण होते हे उघड होते. १९३० च्या दशकात वारा व गारा ही संकटे अग्निविम्याला जोडपत्राने जोडली जाऊ लागली. आग, चोरी, वादळ व दायित्व (इतरांच्या हानीची जबाबदारी) यांना एकत्र सामावणारा ‘होमओनर्स’ विमा सामान्यतः १९५० पासूनचा मानतात. त्यात वारा व गारा अंतर्भूत असतात. पूर व भूकंप नसतात.

या टोर्नेडोप्रवण पट्ट्याचे ‘टोर्नेडो ॲली’ हे नाव हवाई दलाचे हवामान अधिकारी अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर यांच्या १९५२ च्या संशोधन प्रकल्पातून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच दोघांनी २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर टोर्नेडोचा अचूक अंदाज वर्तवला होता. या पट्ट्याची सर्वमान्य सीमा मात्र नाही. राष्ट्रीय नोंदी १९५० पासूनच्या असल्या, तरी लोकवस्ती व रडार वाढल्यामुळे अलीकडे सौम्य टोर्नेडोही नोंदले जातात. त्यामुळे केवळ संख्येवरून वाढ ठरवणे धोक्याचे. हवामानशास्त्रज्ञ जेन्सिनी व ब्रुक्स यांनी २०१८ मध्ये टोर्नेडोंना पोषक वातावरणाचा कल पूर्वेकडे, मिसिसिपी–टेनेसीच्या बाजूला, सरकत असल्याचे दाखवले. केवळ संख्यावाढीच्या दाव्यापेक्षा हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि त्यामुळे ओक्लाहोमा सुरक्षित ठरत नाही.

हप्त्यामागील गणित टोर्नेडोपेक्षा गारांचे अधिक आहे. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील ब्रिज क्रीक–मूर भागातील टोर्नेडोने सुमारे १ अब्ज डॉलरचे, तर २० मे २०१३ रोजी मूर येथील टोर्नेडोने सुमारे २ अब्ज डॉलरचे नुकसान केले. तरीही एखादे विशिष्ट घर टोर्नेडोच्या वाटेत येण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी अल्पच असते. गारपीट मात्र एका दुपारी हजारो छपरे निकामी करते. विमा कंपन्या या सर्वांना ‘तीव्र अभिसरणी वादळे’ (वर चढणाऱ्या उष्ण हवेतून उठणारी गडगडाटी वादळे) या एकाच सदरात मोजतात. २०२३ मध्ये अमेरिकेत या सदराखालील विमित नुकसान ५० अब्ज डॉलरच्या वर गेले. पुनर्विम्याचे, म्हणजे विमा कंपन्यांनी स्वतःसाठी घेतलेल्या विम्याचे, दर आणि बांधकामसाहित्याच्या किमती वाढल्या की हप्ताही चढतो.

विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या आकडेवारीत देशाचा सरासरी वार्षिक हप्ता सुमारे १,२५० डॉलर, तर ओक्लाहोमाचा १,९०० डॉलरच्या पुढे होता. तुलना करणारी खाजगी संकेतस्थळे याहून कितीतरी मोठे आकडे देतात. ते एका कल्पित घरासाठीचे दर असतात, प्रत्यक्ष भरलेल्या हप्त्यांची सरासरी नव्हे.

खरी झळ वजावटीत, म्हणजे दाव्यातील विमाधारकाने स्वतः सोसायच्या वाट्यात, दडलेली असते. वारा व गारांसाठी ती ठराविक रकमेऐवजी घराच्या विमा रकमेच्या १, २ किंवा ५ टक्के ठेवतात. ३ लाख डॉलरच्या घराला २ टक्के वजावट असेल, तर छपराच्या दुरुस्तीतील पहिले ६,००० डॉलर घरमालकाचे. त्यातच जुन्या छपराची भरपाई नव्या किमतीने न करता घसारा वजा करून देण्याची प्रथा वाढली आहे. कमी हप्ता पाहून घेतलेला विमा वादळानंतर तोकडा पडतो तो बहुधा या दोन कलमांमुळे. घरावर कर्ज असेल, तर विमा सोडून देण्याची मुभाही नसते.

आघातरोधी छप्परफळ्यांना (आघातचाचणीतील सर्वोच्च, चौथी श्रेणी) अनेक कंपन्या सवलत देतात. सुरक्षा-खोली जीव वाचवते, पण घराचे नुकसान टाळत नाही. त्यामुळे हप्त्यावर तिचा परिणाम नगण्य. मूर शहराने २०१४ मध्ये नव्या घरांसाठी वाऱ्याचा आधारभूत वेग, म्हणजे घराने सोसलाच पाहिजे असा वेग, ताशी ९० वरून १३५ मैल केला. छपराचे वासे भिंतीला पकडणारे धातूचे पट्टे आणि भक्कम गॅरेज-दारे हा त्या नियमांचा गाभा. सिमन्स, कोव्हॅक्स व कॉप या अभ्यासकांनी असे नियम राज्यभर लागू केल्यास खर्चाच्या सुमारे तिप्पट लाभ होईल असा हिशेब २०१५ मध्ये मांडला. पुढील अभ्यासात मूरमधील घरविक्रीवर या नियमांचा प्रतिकूल परिणाम आढळला नाही.

फिरत्या घरांसाठी (मोबाइल होम) वेगळे विमापत्र असते. टोर्नेडोबळींमध्ये अशा घरांतील रहिवाशांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे.