हेरफर्ड कॅथीड्रल : साखळदंडातले ग्रंथ, जगाचा नकाशा आणि सनदा

इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सच्या सीमेलगत हेरफर्ड हे शहर आहे. तिथल्या मध्ययुगीन कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, आठव्या शतकातली शुभवर्तमानांची (येशूच्या चरित्रांची) पोथी, १२१७चा मॅग्ना कार्टा (राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद), १३०० च्या सुमारास काढलेला जगाचा नकाशा आणि लोखंडी साखळ्यांनी फडताळांना जखडलेले ग्रंथालय, हे सारे एकाच छपराखाली आहे. आज त्याला ‘संग्रह’ म्हणतात. पण यातली एकही वस्तू संग्रहासाठी तिथे आली नव्हती. प्रत्येकीला काही काम होते, आणि कोणती वस्तू टिकली, कशी टिकली, हे त्या कामावरून कळते.

पोथीपासून सुरुवात करू. ही लॅटिन पोथी उपासनेत वाचायची. तिच्या कोऱ्या जागेत अकराव्या शतकात जुन्या इंग्रजीत दोन नोंदी केल्या गेल्या. त्यातली एक जमिनीच्या वादाची आहे. इंग्लंडच्या कनूट राजाच्या काळात (१०१६–१०३५) परगण्याच्या सभेत एडविन नावाच्या मुलाने आपल्या आईवर जमिनीचा दावा लावला. सभेने तिघांना आईकडे पाठवून तिचे म्हणणे विचारले. ती मुलावर इतकी संतापली की जमीन, सोने, कपडे असे सारे तिने लिओफ्लॅड या नात्यातल्या स्त्रीला देऊन टाकले; मुलाला काहीच नाही. लिओफ्लॅडचा नवरा थर्किल याने सभेची संमती घेतली, तो घोड्यावरून थेट सेंट एथेलबर्टच्या मठमंदिरात, म्हणजे याच ठिकाणी आला आणि त्याने ही नोंद शुभवर्तमानाच्या पोथीत लिहून घेतली.

पोथीच का? त्या काळी सरकारी नोंदणी कचेरी नव्हती. सुटा चर्मपत्राचा तुकडा हरवतो, त्यात खाडाखोड करता येते. ज्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची, त्यातच लिहिलेले नाकारण्याची हिंमत सहसा कोणी करत नसे. १०५५ मध्ये वेल्सच्या ग्रफिडने आणि बंडखोर सरदार एल्फगारने शहर आणि चर्च जाळले, त्यातूनही ही पोथी वाचली. संपूर्ण संग्रहात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. धर्मग्रंथ आणि दप्तर हे दोन वेगळे कप्पे आपण पाडले, ते नंतर.

दप्तराचे काम पुढेही चालू राहिले. जॉन राजाने जून १२१५ मध्ये मॅग्ना कार्टाला मान्यता दिल्यावर परगण्यांच्या शेरीफांना, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्यांना, हुकूम धाडले: सनद जाहीर वाचा आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणाऱ्या पंचवीस सरदारांशी निष्ठेची शपथ लोकांकडून घ्या. त्या हुकुमाची आज उरलेली एकमेव प्रत हेरफर्डला आहे. नोव्हेंबर १२१७ मध्ये बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने सनद पुन्हा निघाली. त्या आवृत्तीच्या चार प्रती उरल्या आहेत. तीन ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आणि चौथी इथे. मोहरबंद कागद जपण्याची शिस्त बिशपांच्या आणि मोठ्या चर्चच्या पेट्यांमध्ये होती, म्हणून राज्याची कागदपत्रे अशा ठिकाणी सापडतात.

नकाशाचे, म्हणजे माप्पा मुंडीचे, काम निराळे होते. तो वासराच्या एकाच अखंड कातड्यावर आहे: उंची सुमारे १.५९ मीटर, रुंदी सुमारे १.३४ मीटर. वरचे निमुळते टोक म्हणजे जनावराची मान. पूर्व दिशा वर, जेरुसलेम मध्यभागी. तिथे कंपासाचे टोक रोवल्याचे भोक अजून दिसते. सर्वांत वर नंदनवनाचे बेट आणि त्याच्या खाली भारत. आपल्या देशाच्या नावाखाली पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती आहे, आणि एकाच प्रचंड पावलाची सावली करून पहुडलेला माणूसही. ग्रीक-रोमन लेखकांकडून ऐकलेली ही माहिती तेव्हा खरी मानली जात होती. लिहिणाऱ्याच्या हातून एक ठळक चूक झाली: ‘युरोप’ आणि ‘आफ्रिका’ ही सोनेरी नावे एकमेकांच्या जागी पडली. नकाशा करणाऱ्याचे नाव त्यावरच्या मजकुरात आहे, हॉल्डिंगहॅम व लॅफर्डचा रिचर्ड. लॅफर्ड म्हणजे लिंकनशायरमधले स्लीफर्ड, आणि नकाशात लिंकन शहर फार बारकाईने काढलेले आहे. उलट हेरफर्डचे चित्र जवळजवळ पुसले गेले आहे. ‘आपण इथे आहोत’ म्हणून शतकानुशतके बोटे टेकवली गेली, त्याची ही झीज.

कातडे जिवंत असल्यासारखे वागते. हवा कोरडी झाली की आखडते, दमट झाली की पसरते. रंगाचा थर मात्र त्याच्याबरोबर ताणला जात नाही, म्हणून तो भेगाळून गळतो. नकाशातले समुद्र मुळात हिरवे होते, ते तपकिरी पडले. तांबडा समुद्र मात्र अजून तांबडाच आहे. त्यामुळे असा नकाशा काचेमागे ठेवणे पुरत नाही. खोलीतली आर्द्रता दिवसरात्र एकसारखी राहावी लागते आणि उजेड मंद ठेवावा लागतो.

आता साखळ्यांचे ग्रंथालय. आधी ग्रंथ पेट्यांत ठेवत. १५९० पासून १८४१ पर्यंत ते लेडी चॅपलमध्ये, म्हणजे कॅथीड्रलमधल्या मरियेच्या प्रार्थनाघरात, होते. फडताळे १६११ ची. हस्तलिखिते २२९, छापील पुस्तके धरून एकूण दीड हजारांच्या घरात. ग्रंथ त्या काळी फार महाग, म्हणून चोरीवर उपाय साखळीचा. तिची रचना समजून घेतली की पुस्तके उलटी का ठेवलेली दिसतात ते कळते.

साखळीचे एक टोक पुढच्या पुठ्ठ्याच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे पाने उघडतात त्या बाजूला, धातूच्या पट्टीने जोडतात. कण्याला जोडली तर तो ताणाने फाटतो, शिवण सुटते. दुसऱ्या टोकाची कडी फळीच्या कडेने गेलेल्या लोखंडी दांडीत ओवलेली असते. पुस्तक कणा आत, पाने बाहेर असे उभे करतात. म्हणजे ते काढून खालच्या उतरत्या मेजावर उघडताना फिरवावे लागत नाही, साखळ्या गुंतत नाहीत. साखळीच्या मधोमध फिरती कडी असते, ती पीळ सोडवते. कण्यावरचे नाव दिसणार नाही, म्हणून फडताळाच्या टोकाला चौकटीत ग्रंथांची यादी लावतात. साखळी मेजापर्यंतच पुरते, त्यामुळे बसायचे बाक फडताळाला जोडूनच असतात.

अडचण येते ती नवीन ग्रंथ ओवताना. दांडीच्या टोकाचे कुलूप उघडून दांडी सरकवायची आणि त्या जागेपर्यंतच्या सगळ्या कड्या एकेक करून काढायच्या. परत ओवताना एक कडी जरी मागेपुढे झाली तरी दोन साखळ्या एकमेकींत अडकतात. शिवाय गंजाचे डाग पडतात, शेजारच्या पुठ्ठ्यावर ओरखडे उठतात, आणि पट्टीच्या खिळ्यांपाशी लाकडी पुठ्ठ्याला चीर जाते.

१८४१ मध्ये लेडी चॅपलमधून हलवल्यावर ही रचना मोडली आणि फडताळांचे भाग विस्कळीत झाले. कॅथीड्रलचे कॅनन (धर्मगुरू) स्ट्रीटर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडावरच्या जुन्या खुणा आणि लोखंडी जोडकाम पाहून कोणता भाग कुठला ते ठरवले आणि फडताळे पुन्हा उभी केली.

१९८८ मध्ये इमारतीच्या दुरुस्तीला पैसे नव्हते, तेव्हा डीन (कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू) आणि त्यांच्या मंडळाने नकाशा लिलावात विकायचा विचार जाहीर केला. देशभर विरोध झाला. राष्ट्रीय वारसा स्मारक निधी, धनिक दाते पॉल गेटी आणि सामान्य लोकांच्या देणग्यांतून न्यास उभा राहिला आणि नकाशा तिथेच राहिला. त्याच सुमारास नकाशाची मूळ ओक लाकडाची चौकट कॅथीड्रलच्या जुन्या तबेल्यात सापडली. तिच्या लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून झाडे तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या सुरुवातीस तोडल्याचे निघाले. नकाशाच्या काळाला त्यामुळे लाकडाचा स्वतंत्र पुरावा मिळाला.

१९९० मध्ये इंग्लंडच्या चर्चने कॅथीड्रलांच्या देखभालीचा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक कॅथीड्रलने आपल्या ऐतिहासिक वस्तूंची यादी करायची आणि महत्त्वाची वस्तू विकण्याआधी परवानगी घ्यायची. अशी यादी उपयोगी पडायची तर नुसते नाव पुरत नाही: माप, साहित्य, ठेवलेली जागा, आधीची डागडुजी, कुठे चीर, कुठे डाग, आणि छायाचित्र, एवढे हवे. तबेल्यात पडलेल्या लाकडाला ओळख देणारी ओळ अशीच लिहावी लागते. १९९६ मध्ये ग्रंथालयाची नवी इमारत राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उघडली. नकाशा तिथे आहे, आणि ग्रंथ १६११ च्या फडताळांत, आपापल्या साखळ्यांना बांधलेले, पाने बाहेर करून उभे आहेत.