व्हीगन ताट आणि पौष्टिक ताट

व्हीगन म्हणजे दूध-तुपासह कुठलाही प्राणिज पदार्थ नसलेलं. पण व्हीगन ताट पौष्टिक असेलच असं नाही. इंदूरच्या पोह्यांत दूध-तूप नसतं. वर घातलेली शेव, जीरावन (तिथला मसाला), तेलात तळलेली कचोरी, हिवाळ्यात सराफा बाजारातला गराडू (तळलेला कंद), सगळं व्हीगन. (जिलबीचं विचारून घ्यावं, पिठात दही असू शकतं, तळणी तुपातली असू शकते.) पण यात स्टार्च, तेल आणि मीठ भरपूर, भाजी नावापुरती. खोबरेल तेलही शंभर टक्के व्हीगन, पण त्यातला सुमारे ९० टक्के मेद संपृक्त (सॅच्युरेटेड).

दूध-दही सुटलं की खरी अडचण बी-१२ची. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात. डाळी-भाज्यांतून ते भरवशाने मिळत नाही. रोज लागतं जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम आणि यकृतातला साठा काही वर्षंही पुरतो. फसगत इथेच होते: सुरुवातीला सगळं छान वाटतं, मग थकवा, हातापायांना मुंग्या. त्यात पिढीजात शाकाहारी घरांत हा साठा मुळातच बेताचा असतो. आहारात फोलेट (पालेभाज्या-डाळींतलं एक ब-जीवनसत्त्व) भरपूर असलं तर बी-१२च्या कमतरतेतला रक्तक्षय लपतो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. स्पिरुलिनावर (शेवाळाच्या पुडीवर) विसंबू नये. त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराला वापरता येत नाही. गोळीवर ५०० मायक्रोग्रॅम पाहून दचकायचं कारण नाही, कारण एका वेळी त्यातला अगदी थोडाच भाग शोषला जातो. तपासणी करून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

प्रथिनांचा हिशोब सोपा आहे. ६० किलो वजनाला रोज सुमारे ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या डाळीतून मिळतात ७, तेवढ्याच कोरड्या सोयावडीतून १५. म्हणजे पातळ वरणावर भागत नाही. बदामाच्या दुधात प्रथिनं फारच कमी, सोयादूध त्याहून बरं. अशा दुधांत बाहेरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून डबा हलवूनच ओतावा. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे फारसं अंगी लागत नाही. १०० ग्रॅम नाचणीत मात्र साधारण ३५० मिलिग्रॅम असतं.

लोहासाठी मोड आलेली उसळ, वर लिंबू, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. ओमेगा-३ मेदासाठी जवस, पण अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. भाजून, कुटून चटणी करावी, आणि ती थोडीथोडीच, कारण कुटलेले जवस लवकर खवट होतात.