कोसी नदी

तिबेट, नेपाळ व बिहार यांतून वाहणारी गंगेची उपनदी. सुनकोसी, इंद्रावती, तामाकोसी, लिखू, दूधकोसी, अरुण आणि तमोर या सात प्रवाहांमुळे नेपाळात तिला सप्तकोसी म्हणतात. यांपैकी अरुणचा उगम तिबेटातला. तेथे तिचे नाव फुंग चू. पाणलोट क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या अरुणचा, पण त्यातला बराचसा पर्जन्यछायेत असल्याने पाणी त्या मानाने कमी. त्रिवेणी येथे सुनकोसी, अरुण व तमोर एकत्र येतात. चतऱ्यापर्यंत नदी अरुंद घळीतून येते आणि मग एकाएकी सपाटीवर उतरते. बिहारमध्ये कुरसेल्याजवळ ती गंगेला मिळते.

घळीतून बाहेर पडताच वेग मोडतो आणि गाळ बसू लागतो : आधी गोटे, मग वाळू, पुढे बारीक माती. पात्र भरून वर आले की नदी शेजारचा सखल भाग धरते. अशा रीतीने अडीचशे वर्षांत ती सुमारे 120 किमी पश्चिमेला सरकली. मागे सोडलेल्या धारा बुजल्या नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

भारत-नेपाळ कोसी करार 25 एप्रिल 1954 रोजी झाला व 1966 मध्ये सुधारला गेला. सीमेलगत, नेपाळच्या हद्दीत, 56 दरवाज्यांचे 1,149 मी. लांबीचे बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा, उभे राहिले. त्यातून जाऊ शकणारा कमाल विसर्ग 9.5 लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) धरला होता. जमीन नेपाळची, 199 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. बॅरेज चालवणे व तटबंधांची, म्हणजे पूर अडवायला नदीच्या दोन्ही बाजूंना घातलेल्या भरावांची, डागडुजी भारताकडे. सुधारित करारानुसार नेपाळने वरच्या अंगाला सिंचनासाठी व इतर कामांसाठी लागेल तेवढे पाणी घ्यावे, उरलेल्याचे नियमन भारताने करावे. डाव्या तीरावरून पूर्व कालवा बिहारात जातो. पश्चिम कालव्याचा सुरुवातीचा भाग नेपाळातून जातो. तिबेटातील पाणलोटाबाबत मात्र भारत, नेपाळ व चीन या तिन्ही देशांचा मिळून करार नाही.

करारात पाण्याचा हिशेब आहे, गाळाचा नाही, आणि खरी अडचण गाळाचीच आहे. दोन तटबंधांमध्ये नदी कोंडली, तसा पूर्वी मैदानभर पसरणारा गाळ पात्रातच साचू लागला. काही ठिकाणी पात्र बाहेरच्या शेतांपेक्षा उंच झाले. वाळूचे बेट मधोमध चढले की प्रवाह एका काठाकडे ढकलला जातो व तटबंधाचा पाया खरवडतो. म्हणून काठापासून पात्रात स्पर, म्हणजे प्रवाह दूर ठेवणारे आडवे बांध, काढतात, त्यांच्या टोकाला दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या घालतात. टोक खचले की तेथला भोवरा थेट तटबंधावर येतो.

18 ऑगस्ट 2008 रोजी असेच झाले. बॅरेजच्या सुमारे 12 किमी वरच्या अंगाला, नेपाळातील कुसहा येथे, आधी स्पर गेले आणि मग पूर्व तटबंध फुटला. त्या वेळी विसर्ग जेमतेम 1.44 लाख क्युसेक होता, म्हणजे मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. बहुतेक पाणी जुन्या धारा धरून पूर्वेला वळले. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया जिल्ह्यांत 30 लाखांहून अधिक लोकांना झळ पोहोचली. पिढ्यानपिढ्या पूर न पाहिलेली गावे त्यात होती.

तटबंधाच्या बाहेरच्या उतारावर पाझर दिसणे नेहमीचे. पाणी स्वच्छ असेल तर नजर ठेवून भागते. गढूळ पाण्याबरोबर वाळू उसळू लागली, की आतून भराव वाहून जातो आहे असे समजावे. अशा वेळी तोंड बुजवू नये, पाणी दुसरीकडून फुटते. भोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून आत पाणी चढू द्यावे. दाब सारखा झाला की वाळू येणे थांबते.

तटबंधांच्या आत आजही शेकडो गावे नांदतात. बाहेरच्यांचे दुखणे वेगळे : पावसाचे पाणी नदीत उतरायला वाट नसल्याने शेते महिनोन्महिने तुंबलेली राहतात. नेपाळातील बराहक्षेत्राजवळ 269 मी. उंचीच्या धरणाचा प्रस्ताव जुना आहे आणि त्याच्या अभ्यासासाठी 2004 मध्ये संयुक्त कार्यालयही स्थापन झाले. पण बुडणारी जमीन नेपाळची, प्रदेश भूकंपाचा, आणि जलाशयात साचणार तोच गाळ.